विश्लेषण : गाळा जळाला, तर ग्राहकाच्या कापडाचे पैसे कोण देणार?

मीरा-भाईंदरमध्ये मीरारोडच्या सोसायट्यांखालच्या दुकानांपासून भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांपर्यंत शिलाईचा व्यवसाय पसरला आहे. लग्नसराईत एखाद्या लहान दुकानातही लाखांच्या घरातले कापड शिवायला पडलेले असते. त्यातले बहुतेक दुकानदाराचे नसते. आग लागली किंवा पाणी शिरले, तर हे नुकसान कोण सोसणार? आणि विमा असला, तरी त्यातून ते भरून निघेल का?

जोखीम नेमकी कशाची?

भाईंदर पूर्वेच्या आझादनगर झोपडपट्टीत २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे लागलेल्या आगीत एकाचा मृत्यू झाला आणि अनेक झोपड्या खाक झाल्या. दाट वस्तीत आग किती वेगाने पसरते, हे त्यातून दिसले. शिलाईच्या दुकानात कापड, चिंध्या, दोरे, इस्त्री आणि एकाच बोर्डावरून ओढलेल्या वायरी असतात. तळमजल्याच्या दुकानाला पावसाच्या पाण्याचीही धास्ती असते. मोटर भिजली, की ओव्हरलॉक मशीन जागेवरच बसते.

कोणती पॉलिसी लागू पडते?

विमा नियामक ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्यांसाठी ती आहे. त्यामुळे जवळपास प्रत्येक टेलर तिच्यात बसतो. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल अशी संकटे तिच्या मूळ संरक्षणातच येतात. काजा-बटन, पिको किंवा भरतकामासाठी तात्पुरता बाहेर पाठवलेला मालही त्याच्या विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत संरक्षित असतो.

चोरीचे मात्र वेगळे आहे. विमा असलेल्या दुर्घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच या पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण किंवा ‘शॉपकीपर’ पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते. गल्ल्यातली रोकड, यंत्रातील बिघाड, ग्राहकाला दुकानात झालेली इजा हे भागही अशा पॅकेजमध्ये जोडता येतात. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला असला, तरी दुकानाच्या पॉलिसीवर तो १८ टक्के कायम आहे.

ग्राहकाच्या कापडाचे काय?

खरा पेच इथे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार शिवायला दिलेले कापड ही टेलरकडची ‘निक्षेप’ वस्तू असते, म्हणजे मालकी ग्राहकाची आणि ताबा टेलरचा. कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी टेलरने घ्यायला हवी. ती घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ त्याला जबाबदार धरत नाही. पण ठरलेल्या दिवशी कपडे दिले नाहीत आणि नंतर ते जळाले, तर कलम १६१ नुसार जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. ‘उद्या या’ हे उत्तर असे महागात पडू शकते.

दुसरीकडे, पारंपरिक अग्निविम्यात दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला असेल तरच धरला जातो. म्हणून पॉलिसी घेताना ‘ग्राहकांचे, शिलाईसाठी आलेले कापड’ हा उल्लेख आणि त्याची वेगळी रक्कम लिहून घेणे हाच सुरक्षित मार्ग. नुसते ‘स्टॉक’ लिहिले, तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

कमी रकमेचा विमा का नडतो?

हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी दाखवली जाते. समजा, दुकानात १० लाखांचा ऐवज आहे आणि विमा सहा लाखांचा. दोन लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे एक लाख २० हजार रुपये धरली जाते. त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट होते. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे. म्हणजे साडेआठ लाखांचा विमा असता, तर ही कात्री लागली नसती. दिवाळी आणि लग्नसराईतला सर्वाधिक साठा धरूनच रक्कम ठरवावी.

सरकारी योजना पुरेशा आहेत का?

वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये देते, तर ४३६ रुपयांची जीवनज्योती कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूस दोन लाख. कारागिरांसाठी दोन्ही उपयोगी आहेत, पण त्या माणसाच्या विम्याच्या योजना आहेत. मशीन किंवा कापडाशी त्यांचा संबंध नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. त्या कर्जातून घेतलेल्या मशीनचा विमा आहे का, हे दुकानदारानेच तपासायला हवे. बँकेने काढलेला विमा बहुधा तारण मालापुरता असतो.

घरी ब्लाउज शिवणाऱ्या महिलांनीही लक्षात ठेवावे, की घराची पॉलिसी घरगुती सामानासाठी असते. व्यवसायाची मशीन आणि ग्राहकांच्या साड्या तिच्यात आपोआप येत नाहीत.

विमा काय देत नाही?

चुकलेले माप, बिघडलेले फिटिंग आणि हुकलेली तारीख यांची भरपाई या पॉलिसी देत नाहीत. असे वाद ग्राहक आयोगापुढे जातात आणि तिथला आदेश टेलरच्या खिशातून जातो.

दावा करताना काय लागते?

दुर्घटनेनंतर विमा कंपनीला लगेच कळवणे, आगीत अग्निशमन दलाचा दाखला घेणे आणि सर्वेक्षक येईपर्यंत जळका माल न हलवणे या गोष्टी महत्त्वाच्या. पण दावा टिकतो तो कागदावर. मशीनची बिले, कापड खरेदीच्या पावत्या आणि शिलाईचे बिलबुक दुकानातच जळाले, तर काहीच उरत नाही. पावतीवर कपड्याचा प्रकार, अंदाजे किंमत आणि देण्याची तारीख लिहून रोज तिचा फोटो मोबाइलमधून क्लाउडवर ठेवला, तर हा पुरावा फुकटात तयार होतो. दावा फेटाळला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते, कारण एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही त्याच्या कक्षेत येतात.