दोष जिन्नाच्या माथी

अकोल्याला आमच्या नात्यातली एक मुलगी आहे. लग्नाला सात महिने झाले आणि ती बोलेनाशी झाली. रात्र रात्र जागी, तोंड भिंतीकडे. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. शेजारच्या चाचींनी निदान केले, "पोरीवर साया हाय. डाक्टरच्या हातचं काम नाही हे." आमिल आला. लोबान झाला, तावीज झाला, पाण्यावर दम करून झाला. तेवढ्याने भागले नाही तेव्हा मिरचीची धुरी दिली. ती किंचाळत होती, आणि घरचे लोक म्हणत होते, जिन्न किंचाळतोय.

मी अमरावतीहून पोहोचलो तेव्हा तिचे डोळे सुजून मिटले होते. तिच्या अम्मीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले की जावई तिला मारत होता, पहिल्या महिन्यापासून. घरात हे सर्वांना ठाऊक होते. पण जिन्न ठरला आणि जावयाला विचारायचे राहूनच गेले.

आता कुणी म्हणेल, हा जिन्नांना मानत नाही, याचा ईमान तपासा. बंधूंनो, कुरआनातली ७२वी सूरह जिन्नांच्याच नावाची आहे. ती मी मानतो, म्हणूनच विचारतो. त्या सूरहमध्ये जिन्न करतात काय? कुणाच्या सुनेच्या अंगात शिरत नाहीत. ते कुरआन ऐकतात आणि ईमान आणतात. त्यांच्यातही नेक आहेत, वाट चुकलेले आहेत. म्हणजे त्यांनाही इख्तियार आहे आणि हिशेबही आहे. जिन्नांचा आसरा शोधणाऱ्या माणसांची तक्रारही त्याच सूरहमध्ये आहे. ती आमिलांना कशी दिसत नाही?

आणि सूरह इब्राहीमची २२वी आयत पाहा. कयामतच्या दिवशी खुद्द शैतान आपल्या अनुयायांना सांगेल की माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी फक्त हाक मारली आणि तुम्ही आलात, तेव्हा दोष मला देऊ नका, स्वतःला द्या. जो आरोप शैतान भर मैदानात झटकून टाकणार आहे, तो आपण इथे त्याच्या माथी मारतो!

आमिल मंडळी सूरह बकराची २७५वी आयत पुढे करतात. शैतानाने स्पर्श करून झपाटलेल्या माणसाची उपमा तिथे आहे खरी. जमख्शरींनी ती अरबांच्या समजुतीवरची उपमा मानली, इब्न तैमियांनी अंगात येणे खरे मानले. वाद जुना आहे, तो मी मिटवणार नाही. पण ती उपमा कुणाला दिली आहे? व्याज खाणाऱ्याला! आपल्या वऱ्हाडात कापूसवाल्याच्या घरात सावकारीने काय केले, हे सांगायला नको. व्याजावरच्या आयतीने आपण मिरची जाळतो आणि व्याजाबद्दल गप्प बसतो.

दुसरा आधार तकदीरचा. "नशिबातच होतं." हिजरी १८ मध्ये शाममध्ये प्लेगची साथ होती, तेव्हा हजरत उमर वाटेतूनच परतले. तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारण्यात आले. एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो, असा त्यांच्या उत्तराचा आशय. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये दवाखाना बांधला, त्यात मनोरुग्णांसाठी वेगळे दालन होते. त्यांना काय जिन्न ठाऊक नव्हते?

होळीच्या सुमाराला बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला लाखो माणसे जमतात, हिंदूही, मुसलमानही. श्रद्धेने जाणाऱ्याला माझी ना नाही. पण कुठल्याही दरग्यावर वा देवळात ज्याला बांधून नेतात, त्याची श्रद्धा कुणी विचारली? भूत काढण्याच्या नावाने साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. हा कायदा दुसऱ्यांसाठी आहे, अशी समजूत आपल्या मोहल्ल्यात अजून आहे.

चौकातला शैतान तर त्याहून सोयीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दोन दिवस दंगल झाली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात झाली, एकाचा जीव गेला. दोन्हीकडचे लोक नंतर हेच म्हणत होते की पोरांच्या डोक्यात शैतान घुसला. त्याने हाक मारली असेल. पण दगड उचलणारे हात कुणाचे होते? हाक देणारी माणसे दोन्हीकडे होती, त्यांची नावे मोहल्ल्याला ठाऊक होती, आणि आपल्या बाजूची घ्यायला कुणी धजले नाही. मीही नाही.

मुलीला सरकारी दवाखान्यात नेले. औषध चालू आहे, थोडे बोलते. गेल्या ईदला जावई आला होता. सगळ्यांना गळाभेट देऊन, शीरखुर्मा खाऊन गेला.