केवढ्याला जाईल?

परवा कॅन्टीनमध्ये एका मित्राने मोबाईल पुढे केला. फोटोत शंभराची नोट, नंबर ७८६ ने संपणारा. "तू नाणी-नोटा जमवतोस ना? ही केवढ्याला जाईल रे?"

"शंभराला," मी म्हणालो. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

अहो, साधं गणित आहे. नोटेचा नंबर सहा आकडी. म्हणजे दर हजार नोटांत एक ७८६ ने संपणारच. तिचे लाख रुपये कोण देईल? 'वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं द्या, लाखो घ्या' छापाच्या जाहिरातीही त्यातल्याच. आधी फी भरा म्हणतात आणि मग फोन बंद! ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आमच्या नावाने कुणी फी मागितली तर देऊ नका.

पण माझा खरा राग त्या ठगांवर नाही. 'केवढ्याला जाईल?' या प्रश्नावर आहे. कारण नाणं हा आधी पुरावा असतो, आणि या प्रश्नापायी तो पुरावाच नष्ट होतो.

नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी एकत्र सापडली. सगळी क्षहरात राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, थेट नहपानाच्या चेहऱ्यावर! कोण हरलं आणि कोण जिंकलं, याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा कुठला हवा? आता समजा, हा साठा सापडल्या सापडल्या फुटकळ विकला गेला असता. घेणाऱ्यांनी स्वच्छ चेहऱ्याची नाणी निवडली असती. दोन ठशांची म्हणजे 'खराब माल', ती आटवायला गेली असती. चांदीचा भाव आला असता आणि इतिहास मुशीत वितळला असता.

हे शहाणपण मलाही जन्मजात नव्हतं. चौथीत असताना आजीने देवघरातली एक शिवराई दिली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. काळपट होती, म्हणून मी चिंच आणि मीठ लावून चांगली खसाखसा घासली. लखलखीत झाली! शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या जात होत्या. आपल्या हातातली कुठल्या काळातली, हे बरंचसं अक्षरांच्या वळणावरून ओळखतात. ती वळणंच मी घासून टाकली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कित्येक पिढ्यांची लॉग फाईल पाच मिनिटांत डिलीट, आणि बॅकअप नाही.

"म्हणजे तू विकत घेत नाहीस की काय?" घेतो की! विकणाऱ्यालाही पोट आहे. किंमत विचारण्यात पाप नाही, फक्त तो पहिला आणि एकमेव प्रश्न नसावा. २०१७ च्या कायद्याने रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या दहापेक्षा जास्त नोटा बाळगायला बंदी घातली, पण अभ्यास आणि संग्रहासाठी पंचविसापर्यंत मुभा ठेवली. चलनातून गेलेल्या कागदालाही काही अर्थ उरतो, हे सरकारला कळतं. मग आपल्याला कळायला काय हरकत आहे?

तेव्हा घरातल्या जुन्या डब्यात नाणी निघाली तर घासू नका, आणि पहिला फोन सराफाला करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हे कुठून आलं, कुणी दिलं, कशासोबत ठेवलं होतं. सांगतील ते तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून डब्यातच ठेवा.

माझ्या आजीकडे ती शिवराई कुठून आली, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला आजी नाही.