निदान निदान तरी घरी

पालकहो, विश्वस्त मंडळींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,



यंदाच्या पावसाळ्यात नववीतील एक विद्यार्थिनी सलग चार दिवस शाळेत आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांची जुनी पिकअप बंद पडली आहे. वडील पहाटे आसपासच्या खेड्यांतून भाजी भरून चोइथराम मंडीत पोहोचवतात. गाडी उभी म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही मुलगी घरी थांबली. एका ठिकाणी गाडीचे बॉनेट उघडून पाहण्याआधीच "पंप गेला" असे सांगण्यात आले होते. खर्चाचा आकडा ऐकून वडील व्याजाने पैसे काढायला निघाले होते.

आम्ही इंजिनाचे जाणकार नाही. आमची पदवीही हिंदी माध्यमातली. 'दाब' म्हणायच्या आधी आजही तोंडात 'दबाव' येतो. पण कारण न पाहता खर्च करायचा, हे आम्हांस पटले नाही. आम्ही वडिलांना गाडी शाळेच्या मैदानात आणायला सांगितली. आमचे विज्ञान शिक्षक आणि शाळेच्या व्हॅनचे काका मदतीला आले. मुलीच्या हाती वही दिली आणि सांगितले, "बेटा, गाडी जे जे करेल ते लिहीत जा."

वहीत लिहिले गेले ते असे. स्टार्टर जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. फिल्टरजवळचा हातपंप दाबला की गाडी सुरू होते. चार-पाच मिनिटे चालते, मग धक्के खाऊन बंद पडते. पुन्हा हातपंप दाबला की पुन्हा सुरू. काळा किंवा निळा धूर नाही.

काका म्हणाले, "गाडी एअर घेते आहे." डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे वीसपट दाबली जाते, ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे शिरले, की पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो आणि फवारा उडतच नाही. इंजिन बंद ठेवून टाकी आणि पंप यांच्यामध्ये काही काळापुरता पारदर्शक पाइप जोडला. गाडी सुरू केल्यावर त्यातून बुडबुडे जाताना साऱ्या वर्गाने पाहिले. मग टाकीपासून एकेक सांधा तपासत गेलो. एका क्लिपखाली रबरी पाइप चिरलेला सापडला. तिथून डिझेल गळत नव्हते, कारण त्या भागात डिझेल ओढले जाते. म्हणून चिरेतून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत जात होती. हातभर पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या. मुलगी सोमवारी वर्गात हजर होती.

प्रत्येक वेळी इतके स्वस्तात सुटते असे नाही. कधी पंप खरोखरच गेलेला असतो. पण ते निदान करून ठरावे, अंदाजाने नाही. आम्ही हिंदीत 'निदान' हा शब्द आजाराच्या संदर्भातच शिकलो. मराठीत त्याचा दुसरा अर्थ 'कमीत कमी'. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की दुरुस्ती मिस्त्रीकडे करा, पण निदान निदान तरी घरी करून पाहा.

त्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. आधी प्रश्न विचारावेत. बिघाड थंड गाडीत होतो की तापल्यावर? चढावर, की उभ्या गाडीतही? पावसानंतर, की नवे डिझेल भरल्यावर? मग धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा एअर फिल्टर आधी पाहावा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंड गाडीचा थोडा वेळचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो. पण गाडी तापल्यावरही तो थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवू नये. त्यानंतर स्वस्त गोष्टी आधी तपासाव्यात: फिल्टरमध्ये साचलेले पाणी, पाइप, क्लिपा, बॅटरीच्या सैल तारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन एकदम बदलल्या, तर गाडी कशाने सुधारली ते कधीच कळत नाही.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. गाडी उघड्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकांना ओट लावून उभी करावी. ओढणी, बांगड्या, सैल बाह्या फिरत्या पट्ट्यापासून दूर असाव्यात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पाइपला कोणीही हात लावू नये. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत तर हा दाब हजार बारच्याही वर असतो. त्या गाड्यांचे निदान स्कॅनर लावूनच करावे. आम्ही बोलतो आहोत ते जुन्या गाड्यांविषयी. आणि मोठे माणूस हजर नसताना मुलांनी बॉनेट उघडू नये.

एका पालकांनी आम्हांस स्पष्ट विचारले, "आमच्या मुलांना मिस्त्री व्हायचे नाही, मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्या दुपारी मुलांनी जे केले ते विज्ञानच होते. पाहिले, लिहिले, तर्क केला, तो तपासला. पुस्तकात ज्या पायऱ्या पाठ करून गुण मिळतात, त्याच पायऱ्यांनी इथे एका घरावरचे कर्ज टळले. यात मिस्त्रीचा अपमानही नाही. चांगला मिस्त्री स्वतःच आधी विचारतो, "कधीपासून होते आहे?" आपण उत्तर वहीत लिहून नेले, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसे. पीथमपूरसारखे वाहननिर्मितीचे केंद्र आपल्यापासून इतके जवळ असताना आपल्या मुलांनी इंजिन फक्त चित्रात पाहावे, हे आम्हांस बरे वाटत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. महिन्यातून एका शनिवारी दोन तास आणि मैदानाच्या कडेची शेड या कामासाठी द्यावी. नववी-दहावीच्या मुलांना, आणि मुलींनाही, त्यात सामील करावे. ज्या पालकांकडे जुनी गाडी, पाण्याची मोटर किंवा शिवणयंत्र अडून बसले असेल, त्यांनी ते घेऊन यावे. दुरुस्त होईलच असे वचन आम्ही देत नाही. मात्र परत जाताना बिघाडाची नीट लिहिलेली नोंद तुमच्या हाती असेल.

ती वही सध्या आमच्या टेबलावर आहे. तिची पुढची पाने कोरी आहेत.

आपल्या शाळेचे,
मुख्याध्यापक