चुकलेली गोळी आणि अर्धी कादंबरी

बीड जिल्ह्यात शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून अशा कितीतरी जणांच्या कपाटात एक अर्धी कादंबरी पडून असते. विषय दमदार असतो. दुष्काळ, कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले आईवडील, मागे उरलेली आजी आणि नातवंडे. पहिली चाळीस पाने झपाट्याने होतात. मग ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून संपवू’ असे ठरते आणि सुट्टी लग्नसराईत जाते.

उरतात त्या रात्री. चहाच्या जोरावर दोनपर्यंत जागायचे आणि सकाळी सहाला पुन्हा उठायचे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती सलग आठ-दहा दिवस मिळाली नाही की लक्ष आणि स्मरण मंदावते, रक्तदाब व साखरेचे दुखणे असेल तर तेही बिघडू शकते. वाईट हे, की आपण मंदावलो आहोत हे त्या माणसाला स्वतःला नीट कळत नाही. कादंबरीसाठी झोप मोडणे हे त्या कादंबरीचेच नुकसान आहे.

झपाटून लिहिण्याचा दाखला म्हणून ‘कोसला’ हमखास पुढे केली जाते. भालचंद्र नेमाडे यांनी ती १९६३ मध्ये फार थोड्या काळात लिहिली, हे खरे. पण त्यांचीच ‘हिंदू’ वाचकांच्या हाती पडली ती २०१० मध्ये, अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. अपवादावरून उपचार ठरवत नाहीत.

त्यापेक्षा अंबाजोगाईचे दासोपंत पाहावेत. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. आख्यायिका असेल, पण लोकांनी लक्षात ठेवले ते ‘रोज’.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फळ खाणे, पाणी पिणे, व्यायाम अशी साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. यात कादंबरी नव्हती, पण सवयीचा स्वभाव कळतो.

म्हणून लिहिणे रक्तदाबाच्या गोळीसारखे धरावे. वेळ ठरलेली, मात्रा लहान. पहाटेचे दूध तापले की अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत, कालचे दुरुस्त करायचे नाही. आणि गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नसते. बहुतेक कादंबऱ्या या दुपटीच्या हट्टातच बुडतात: आज सहाशे शब्द, उद्या नऊशेचे कर्ज, परवा वहीच बंद. दिवसाला ३०० शब्द पुरेत. दिवाळीनंतर टोळ्या गेल्या की त्या परतेपर्यंत पाच-सहा महिने जातात. तेवढ्यात ४५ ते ५० हजार शब्दांचा कच्चा खर्डा होतो. तो कच्चाच असणार, त्याची लाज बाळगू नये.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरी करत असे. घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबाने तो पहाटे साडेपाचपासून लिही. त्याच्या शिस्तीचे कौतुक सगळेच करतात. पण त्याला पहाटे उठवून कॉफी देणारा एक जुना नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, हे ट्रॉलपने स्वतःच नोंदवले आहे. आपल्याकडे तो पहाटेचा चहा घरातली बाई करते, फुकट. तिच्याही डोक्यात एखादी कादंबरी असू शकते. आठवड्यातले तीन दिवस तरी चहा दुसऱ्याने टाकावा.