गणवेश कोणाचा, नियम कोणासाठी?

स्काऊट-गाईड विभाग सांभाळणारे शिक्षक एकत्र आले की चर्चा कशावर रंगते, हे ज्यांनी जिल्हा मेळावे पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. स्कार्फची घडी किती रुंद असावी, वॉगल कातडी हवा की दोरीचा चालेल, गाईडने स्कर्ट घालावा की सलवार-कमीज, कापडी बूट चालतील की काळे चामडी बूटच हवेत, या प्रश्नांवर तासन्‌तास वाद झडतात. त्याच बैठकीत रात्री तंबूंजवळ कोण जागणार, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील औषध आहे काय, हे विषय निघतात तेव्हा चहा येण्याची वेळ झालेली असते. कपड्यांच्या चर्चेला लागणारा वेळ आणि मुलांच्या जिवाच्या चर्चेला मिळणारा वेळ यांतील हे अंतर मला फार दिवसांपासून खटकत आले आहे. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत त्याविषयी लिहिणे उचित वाटते, कारण गणवेश आणि नियम या दोन्ही गोष्टींचा आपल्या समाजाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

गणवेश हा क्षुल्लक विषय आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. अंगावर काय घालायचे हे ज्यांच्यासाठी शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्यांना तरी तसे म्हणता येणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात इंदूर भागातील बलाई समाजाची हकिकत नोंदवली आहे. तिथल्या सवर्णांनी बलाईंना फर्मान काढले होते : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी हे नाकारले त्यांचे पाणी तोडले गेले, वाटा अडवल्या गेल्या, पिकांत जनावरे सोडली गेली. कपड्याच्या एका काठासाठी गावेच्या गावे माणसांवर उलटतात, हे लक्षात घेतले म्हणजे डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे गळ्याहातांतले दागिन्यांचे ओझे उतरवा, असे का सांगितले ते समजते. महाडच्याच पर्वात समता सैनिक दल उभे राहिले. त्या दलातील तरुणाच्या अंगावरचा गणवेश हा त्याने स्वतः निवडलेला, कोणाच्याही फर्मानाविना घातलेला वेष होता.

सैन्याच्या गणवेशाचीही तीच कथा. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. त्या अर्जांत पोटाचा प्रश्न होता हे खरे, पण त्यात त्या वर्दीचाही प्रश्न होता. वर्दीतल्या सुभेदाराला गावाच्या वेशीवर थांबवणे सोपे नव्हते. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ही मागणी जिवंत होती.

आता स्काऊटिंगकडे वळू. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात सुमारे वीस मुले होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही कामगार वस्तीतली. ती मिसळून त्यांचे लहान संघ केले गेले. सर्वांचा वेष एकसारखा असला म्हणजे कोण कोणत्या घरचा हे दिसत नाही, हा गणवेशामागचा एक हेतू होता. हेतू चांगला होता. परंतु तीच चळवळ १९०९ साली बंगळूरला आली तेव्हा ती केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती, भारतीय मुलाला तो गणवेश घालायची मुभा नव्हती. सायबाला भीती अशी की शिस्त आणि माग काढण्याचे कसब शिकलेली मुले उद्या राजद्रोही होतील. पुढे ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आदींनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था अस्तित्वात आली. समतेसाठी शिवलेला सदरा भेदभावासाठी वापरता येतो, हे या चळवळीच्या जन्मकाळातच दिसून आले होते.

आणि आजही दिसते. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांत गणवेश दिला जाई तो सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना. हेतू न्याय्यच. पण वाटपाच्या दिवशी यादी वाचली जाई आणि वर्गातल्या प्रत्येकाला कळे की ‘फुकटातला’ कोण. जो गणवेश जात झाकायला हवा होता तोच ती सांगू लागला. महाराष्ट्राने २०२३ साली ही योजना सर्व विद्यार्थ्यांना लागू केली, हे योग्य झाले. त्यानंतर २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आले आणि दोनपैकी एक गणवेश स्काऊट-गाईडच्या धर्तीचा असेल असे ठरले. कल्पना मोठी होती. प्रत्यक्षात अनेक शाळांत कपडे महिनोन्‌महिने आलेच नाहीत, आले ते मापाचे नव्हते, आणि वर्ष सरण्याआधीच अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. वरून आदेश काढून मुलाच्या मापाचा सदरा शिवला जात नाही.

स्काऊटचा पूर्ण गणवेश म्हणजे स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, बेरेट, स्कार्फ, वॉगल, पट्टा, मोजे, बूट आणि बिल्ले. आपल्या वसतिगृहात ज्यांची मुले राहतात ते पालक ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर जातात. हंगामात उचल घेतलेल्या माणसाला ‘बूट चामडीच हवेत’ असे सांगणारी चिठ्ठी पाठवताना आपण काय करतो आहोत याचा विचार व्हावा. एका मेळाव्यात गणवेश निरीक्षणाच्या वेळी एका संघाचे गुण केवळ एका मुलाच्या कापडी बुटांमुळे कापले गेले. निरीक्षक नियमानेच वागले. त्या संघातील बाकीच्या मुलांनी मात्र दिवसभर त्या मुलाशी अबोला धरला. दंड गुणपत्रिकेवर एकदाच पडला, मुलावर तो दिवसभर पडत राहिला. माझे स्पष्ट मत आहे की गणवेश नाही म्हणून कोणत्याही मुलाला संचलनातून, शिबिरातून वा स्पर्धेतून बाजूला काढता कामा नये आणि त्याच्यामुळे त्याच्या संघाचे गुणही जाता कामा नयेत.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचा आग्रह आहे की पथकाचा स्कार्फ निळाच असावा. पथकाला रंग निवडता येतो, तेव्हा निळा घ्यावा, मलाही तो आवडेल. पण निळ्या स्कार्फखाली फाटका सदरा असेल आणि तो सदरा पाहून पोराला मागच्या रांगेत उभे केले जात असेल, तर त्या रंगाला काय अर्थ राहिला?

गणवेशाचा हट्ट सुरक्षिततेच्या आड येतो तेव्हा गोष्ट अधिक गंभीर होते. बेडन-पॉवेल यांची ती रुंद कडांची टोपी आफ्रिकेच्या उन्हात वापरात आलेली होती. तिने कपाळ, कान, मान झाकली जाई. बेरेट डोक्यावर रुबाबदार दिसते, सावली मात्र देत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या मार्च-एप्रिलमधल्या उन्हात गडद निळी बेरेट घालून मुलांना पाहुण्यांची वाट पाहत तासभर उभे करणे ही शिस्त नव्हे. तीच गोष्ट चुलीजवळच्या ओढणीची आणि शेकोटीजवळच्या पॉलिस्टरच्या स्कार्फची. पेटलेले पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाक करताना गाईडने ओढणी काढून ठेवली तर गुण कापायचे की द्यायचे? माझ्या मते द्यायचे. ‘तयार राहा’ हे ज्या चळवळीचे ब्रीद, तिने तरी यावर वाद घालू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सेमान्गम येथे जागतिक स्काऊट जांबोरी भरली होती. चाळीस हजारांहून अधिक मुले-मुली, भराव घातलेली सपाट जमीन, झाडांची सावली नाही, आणि उष्णतेची लाट. शेकडो मुले आजारी पडली, ब्रिटनचे साडेचार हजारांचे पथक मध्येच बाहेर पडले आणि अखेर वादळाच्या भीतीने संपूर्ण तळ रिकामा करावा लागला. पैसा, तंत्रज्ञान, अनुभव सारे असूनही हे घडले. आपल्याकडे फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. कागद वाढले, संमतिपत्रे आली. पाण्याकाठी मुलांची जोड्याजोड्यांनी मोजदाद करणारा मोठा माणूस मात्र अजून प्रत्येक सहलीत दिसत नाही.

त्याहून अवघड विषय आहे तो मोठ्या माणसांपासून मुलांच्या रक्षणाचा. अमेरिकेतील बॉय स्काऊट्स संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण होते नेत्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराचे दावे. त्या प्रकरणात ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ सचोटीची शपथ देणाऱ्या संघटनेत हे घडत राहिले, कारण तक्रार करणाऱ्या मुलापेक्षा गणवेशातील मोठ्या माणसावर अधिक विश्वास ठेवला गेला. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी घटना कळूनही न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे. तरीही ‘संस्थेचे नाव जाईल’ हे वाक्य आजही कानी पडते. निवासी शाळेत तर मूल रात्रंदिवस आपल्या स्वाधीन असते. म्हणून एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत वा तंबूत असू नये, मुलींच्या शिबिरात शिक्षिका असल्याच पाहिजेत, रात्री शौचालयाकडे जाणारी वाट उजेडाची असावी, हे नियम आधी छापावेत. स्कार्फची घडी नंतर.

काही सहकारी म्हणतात की इतके नियम झाले तर शिबिरातला मोकळेपणा जाईल, शिक्षक पुढे येणार नाहीत. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मुलांनी झाडावर चढू नये, ओढ्यात उतरू नये, चाकू हाती घेऊ नये असे म्हटले तर स्काऊटिंग उरतच नाही. पण नीट पाहिले तर आपण बहुतेक नियम मुलांना बांधण्यासाठी केलेले असतात, मोठ्यांना बांधणारे नियम आले की मोकळेपणाची आठवण होते. मुलाला ओढ्यात उतरू द्यावे. काठावर दोरी घेऊन उभे राहणे मोठ्याने टाळू नये.

याबाबतीत धम्माची परंपरा आपल्याला बरेच शिकवते. विनयातील नियम आधी बसून लिहिलेले नाहीत, एकेका घटनेनंतर तथागतांनी ते घालून दिले. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख बोलून दाखवले आणि आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पालकांच्या संमतिपत्राला इतका जुना आधार आहे, हे शिबिराचे कागद भरून घेताना मला नेहमी आठवते. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असे. अशा वस्त्राला बाजारात मोल राहत नाही आणि त्याचा मत्सरही कोणाला वाटत नाही. शाक्य राजपुत्रांनी तर आपला गर्व उतरावा म्हणून आपल्याआधी उपाली या नाभिकाला दीक्षा देण्याची विनंती केली, जेणेकरून त्यांना त्याला वंदन करावे लागेल. हाच उपाली पुढे विनयाचा श्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यालाच विचारले गेले.

प्रतिज्ञेविषयी थोडेसे. स्काऊटच्या प्रतिज्ञेत ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे, आणि इच्छा असल्यास त्या जागी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा नियमातच दिलेली आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या मुलाला ही मुभा दीक्षाविधीच्या आधी सांगितली पाहिजे. ऐनवेळी त्याने ओठ मिटून उभे राहावे, अशी पाळी येऊ नये.

आणि शिबिराच्या स्वयंपाकाविषयी. अनेक शाळा एकत्र येतात तेव्हा कोणी कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न आजही दबक्या आवाजात उपस्थित होतो. ‘आमच्या मुलांना घरचाच डबा लागतो’ असे शिक्षक सांगतात. प्रत्येक स्काऊट दुसऱ्या स्काऊटचा बंधू, हे नियमावलीत आहे. परंतु निरीक्षणाच्या तक्त्यात बूट, नखे, केस यांना रकाने आहेत, एकाच पिंपातून पाणी पिण्याला नाही. आपल्या शाळेने यजमानपद घ्यावे आणि मिश्र संघ करून एकाच चुलीवर स्वयंपाक ही पहिली अट ठेवावी, असे मी संचालक मंडळाला सुचवतो. ज्यांना ती मान्य नसेल ते येणार नाहीत. संख्या घटली तरी चालेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. गणवेशासाठी एखाद्या मुलाच्या नावाने पैसे पाठवू नका आणि वाटपाचा कार्यक्रम, छायाचित्र, सत्कार यांची अपेक्षा धरू नका. शाळेचे सामाईक गणवेश भांडार उभारू. सर्व मापांचे शर्ट, पँटी, सलवार-कमीज, बूट आणि त्याबरोबर कडांच्या सुती टोप्या, प्रथमोपचाराच्या पेट्या, पाण्याकाठी वापरायच्या दोऱ्या त्यात असाव्यात. ज्याच्या घरी गणवेश आहे आणि ज्याच्या घरी नाही, त्या सर्वांनी शिबिराला जाताना तो भांडारातूनच घ्यावा आणि परतल्यावर धुऊन जमा करावा. किल्ली पाळीपाळीने संघनायकांकडे राहील. नोंदवहीत कपड्याचा क्रमांक आणि माप एवढेच लिहिले जाईल, कोणाचे वडील काय करतात याचा रकाना असणार नाही.