तळाचे तांबे

(बी. ए. भाग २, इतिहास)

जुन्या गलबताची प्रतिकृती करताना तिच्या तळाला तांब्याचा पत्रा लावावा की लावू नये? हा प्रश्न वाचून पुष्कळांना हसू येईल. परीक्षा, फी आणि उद्याची नोकरी या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्यांनी असल्या रिकामटेकड्या प्रश्नात डोके का घालावे, असेही कोणी विचारील. त्यातून आमचे कबनूर काही बंदर नव्हे. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगेचे आणि आवाज म्हणजे मागांचा. समुद्र पाहायचा तर घाट उतरून एक दिवस मोडावा लागतो. तरीसुद्धा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. इतिहासावर प्रेम करणे म्हणजे नेमके काय करणे, हे या एवढ्याशा पत्र्यावरून कळते असे माझे मत आहे.

शिवजयंतीच्या निमित्ताने भरलेल्या एका प्रदर्शनात मी एका गुराबेची प्रतिकृती पाहिली. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराब, अशी पाटी होती. शिडे पांढरीशुभ्र, तोफा काळ्याभोर, डोलकाठीवर भगवा. आणि पाण्याखाली जाणारा सगळा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, आरशासारखा लख्ख! लोक थांबून पाहत होते, लहान मुले बोट लावून पाहत होती. करणाऱ्याने जीव ओतून काम केले होते यात शंका नाही. परंतु ते तांबे तेथे असायला नको होते. का, ते सांगते.

लाकडी जहाजाचा मोठा वैरी पाण्याखाली असतो. उष्ण समुद्रात टेरेडो नावाचा एक जीव लाकूड आतून पोखरून टाकतो. दिसायला तो अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांच्या जातीतला. त्याच्या जोडीला शेवाळ आणि कवचाचे लहान लहान प्राणी तळाला चिकटतात. जहाज जड होते आणि चाल मंदावते. यावर उपाय म्हणून इंग्रजांच्या नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेट जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकून पाहिले आणि ते वेस्ट इंडिजच्या समुद्रात धाडले. १७६३ साली तपासणी झाली तेव्हा पत्र्याखालचे लाकूड किड्यापासून वाचलेले दिसले, पण लोखंडी खिळे मात्र झिजून गेले होते. तांबे, लोखंड आणि खारे पाणी एकत्र आले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात लोखंड खाल्ले जाते. गंमत अशी की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद जेथे चुकून तसाच राहिला होता, तेथले खिळे शाबूत होते. पुढे १७७९ नंतर इंग्रजांनी सगळे आरमार तांब्याने मढवायला घेतले. खिळ्यांचा प्रश्न मात्र तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आल्यावरच, म्हणजे १७८० च्या दशकात सुटला.

आता आपल्याकडची सनावळी पाहा. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र तुळाजी यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. समुद्रातून इंग्रज चालून आले होते आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. आपलेच सैन्य त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला उभे होते, ही गोष्ट कोणत्याही प्रदर्शनात सहसा सांगितली जात नाही. ‘अलार्म’चा प्रयोग त्यानंतर ५ वर्षांनी झाला. म्हणजे कान्होजींच्या गुराबेला तांब्याचा तळ लावणे हे पेशव्यांच्या वाड्यात विजेचा पंखा टांगण्यासारखेच आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? प्रेमापोटी केले, दिसायला छान दिसते, पोरांना अभिमान वाटतो. माझे उत्तर असे की, बिघडते ते याच ठिकाणी. ते खोटे तांबे आंग्र्यांचा गौरव वाढवीत तर नाहीच, उलट त्यांचे खरे कर्तृत्व झाकून टाकते. तांबे नसताना ही माणसे समुद्रावर कशी टिकली, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे. तळ मढवला की तो प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही.

तांब्याविना ते कसे भागवीत असत? पश्चिम किनाऱ्यावर जहाजाच्या तळाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप देण्याची जुनी रीत होती. लेप झिजला की तळ खरवडायचा आणि पुन्हा द्यायचा. पावसाळ्यात दर्या खवळला की गलबते शाकारून ठेवायची. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटनच्या खाडीला लागून खडकात खोदलेली गोदी आजही पाहायला मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी कशी करावी याचा विचार तेथे आहे आणि जहाजांसाठी रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत अशी ताकीदही आहे. हे अमात्य बावड्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. दरवर्षी नेमाने करावी लागणारी ही मेहनत, हे लेप, हा झाडांचा हिशेब, हेच त्या आरमाराचे खरे चिलखत होते. प्रतिकृतीचा तळ चुन्याच्या पांढुरक्या रंगाने रंगवला तर तो दिसायला साधा दिसेल. पण त्या साधेपणात शेकडो अनामिक माणसांचे हात दिसतील.

याचा अर्थ आपल्या इतिहासात तळाचे तांबे नाहीच, असा नव्हे. ते आहे, परंतु दुसऱ्या जहाजांवर. १८१२ साली कोल्हापूरच्या छत्रपतींनी इंग्रजांशी तह केला आणि मालवण, म्हणजेच सिंधुदुर्ग, इंग्रजांच्या हाती गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘जावा’ नावाची इंग्रजी फ्रिगेट मुंबईकडे निघाली होती. मुंबईच्या गोदीत ‘कॉर्नवॉलिस’ हे ७४ तोफांचे जहाज बांधले जात होते, आणि त्याच्या तळासाठी लागणारे तांबे ‘जावा’च्या पोटात होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठले आणि हरवले. मोडकी ‘जावा’ नंतर जाळून टाकण्यात आली. तरी ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ साली मुंबईत पाण्यात उतरलेच. याच जहाजावर १८४२ साली चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. मुंबईत बांधलेल्या जहाजावर दुसऱ्या एका देशाची मान वाकवण्यात आली, हेही आपण वाचले पाहिजे.

त्याच गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. लाकूड मलबारच्या सागाचे. हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. २०० वर्षे उलटून गेली तरी मुंबईच्या कारागिरांचे काम बुडालेले नाही. साग इकडचा, हात इकडचे. तांबे, नकाशा आणि हुकूम तिकडचे. ‘त्रिंकोमाली’ची प्रतिकृती करून तिच्या तळाला तांबे लावले, तर तो पत्रा खरे बोलेल. पारतंत्र्य म्हणजे काय, हे तो पाठ्यपुस्तकातील एका धड्याहून अधिक नीट सांगेल.

आता ते लावायचे कसे, हेही सांगायला हवे. नाहीतर माझे बोलणे हवेतले ठरेल. जहाजाची लांबी सुमारे १५० फूट. ६४ फुटांना १ फूट हे प्रमाण धरले तर प्रतिकृती साधारण २८ इंचांची होते. नौदलाचा नेहमीचा पत्रा ४८ इंच लांब आणि १४ इंच रुंद असे. त्याच प्रमाणात तो १९ मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर रुंद होतो. बाजारात तांब्याची पातळ चिकटपट्टी मिळते, तिचे तेवढे तुकडे कापायचे. काम मागून पुढे करायचे. घरावर कौले घालणारा खालून वर जातो, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्यावर येते आणि पाणी आत शिरत नाही. जहाजाचे पाणी नाळेकडून मागे धावते, म्हणून पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर यायला हवी. तसे नसेल तर पाण्याचा जोर कडेखाली शिरून पत्रा उचकटून टाकील. काचेच्या पेटीतले जहाज कधी पाण्यात जाणार नाही, हे खरे. पण ते ज्याचे रूप आहे ते जहाज पाण्यात गेले होते.

खिळ्यांचेही तसेच आहे. हौशी माणसे दाभणाने पत्र्यावर ठसठशीत टिपके पाडतात. १ मिलिमीटरचा टिपका म्हणजे खऱ्या जहाजावर ६४ मिलिमीटरचा, अडीच इंच डोक्याचा खिळा. पातळ पत्र्याला एवढा खिळा कोण ठोकील? म्हणून टिपके इतके बारीक हवेत की दिसले न दिसले असे वाटावे. जमत नसेल तर पाडूच नयेत.

आणि शेवटी लकाकी. पत्रे लावून झाले की वार्निश फासून ते कायमचे चकचकीत ठेवण्याचा मोह होतो. मला ते पसंत नाही. तांब्याचा गुण काय, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणून तर भांड्याला आतून कलई करून घेतात. आपल्या पोटाला जे बाधते तेच समुद्रातल्या किड्यांना बाधते. समुद्रात तांबे अगदी हळूहळू विरघळत राहते, म्हणून त्यावर काही चिकटत नाही. १८२४ च्या सुमारास हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. तांबे वाचले खरे, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले! झिजणे बंद झाले आणि राखण करणेही बंद झाले. म्हणून प्रतिकृतीवरचे तांबे मोकळे सोडावे. हवेने ते काळपट तपकिरी पडेल, तर पडू द्यावे. चाकरी केलेले तांबे असेच दिसते.

माझ्या हातातील पट्टी आणि कात्री पाहून आमच्या आत्याने विचारले, “बी.ए.ला हेच शिकीवत्यात व्हय गं?” प्रश्न चुकीचा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरच्यांची समजूत अशी की, शिक्षण म्हणजे हाताला काम न लागणे. आमचे अप्पा माग चालवतात, त्यांचीही इच्छा तीच आहे आणि ती मला समजते. पण याच अप्पांनी मला लहानपणी सांगितले आहे, “कापड उलटं करून बघावं. सुलटी बाजू समद्यांनाच दिसती.” आपण कला शाखेचे विद्यार्थी इतिहासाची सुलटी बाजू तेवढी पाठ करतो. लढाई, तह, सनावळी, कारणे आणि परिणाम. वहीत लिहिलेले वाक्य चूक की बरोबर, हे गुण मिळेपर्यंत कळत नाही, आणि गुण मिळाल्यावर कोणी विचारत नाही. हाताने वस्तू करायला घेतली की प्रत्येक इंचाला प्रश्न उभा राहतो. हा पत्रा कोणत्या साली आला? कोठून आला? कोणी ठोकला? मालक कोण होता? उत्तर ठाऊक नसेल तर हात पुढे सरकतच नाही. असा कडक परीक्षक मला दुसरा भेटलेला नाही.

दिवाळीत आपण गल्लोगल्ली किल्ले करतो. चिखलात हात घालून बुरूज उभे करतो. मावळे ठेवतो, हळीव पेरतो. त्या किल्ल्यांतून आपल्याला इतिहासाची गोडी लागली, हे कोण नाकारील? कॉलेजात आल्यावर तेच हात आपण खिशात का घालावेत?

माझी सूचना साधी आहे. आपल्या इतिहास विभागाने दरवर्षी एक प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. पहिल्या वर्षी आंग्र्यांची गुराब, तळाला चुन्याचा रंग देऊन. दुसऱ्या वर्षी ‘त्रिंकोमाली’, तळाला तांबे लावून. दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्यात. प्रत्येकीखाली एक पाटी असावी. कोणती गोष्ट आधाराने केली आणि कोणती अंदाजाने, हे त्या पाटीवर स्वच्छ लिहावे. पाहणारा दोन तळांतला फरक पाहील आणि कारण विचारील. तेव्हा सांगायला आपल्यापैकी कोणीतरी तेथे उभे असावे. गुरुजनांनी एक रिकामी खोली आणि सुट्टीतील काही दुपारी तेवढ्या द्याव्यात. फळ्या, खिळे आणि पट्टी आम्ही जमवू.