विश्लेषण : पवनानगरातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग… कॉलेजचा पसंतीक्रम कसा ठरवावा?

बारावीचा निकाल आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की पवन मावळातल्या घरांत एकच प्रश्न उरतो : कॉम्प्युटरला कुठे मिळेल? सल्ले भरपूर मिळतात, पण बहुतेक पुण्यात राहणाऱ्यांचे. कोथरूडमध्ये घर असलेल्या मुलाची यादी पवनानगरच्या मुलाने जशीच्या तशी उतरवली, तर फसगत होण्याची शक्यता जास्त. इथे कॉलेजच्या नावाइतकाच कामशेत स्टेशनचा विचार करावा लागतो.

पहिल्या पसंतीला इतके महत्त्व का?

राज्य सीईटी कक्षाने २०२५-२६ मध्ये प्रवेशाच्या (कॅप) चार फेऱ्या ठेवल्या आणि नियम कडक केले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ती जागा आपोआप निश्चित होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम. जागा नाकारली, तर विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे यंदाची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी.

अनेक पालक ‘हातचे जायला नको’ म्हणून जवळचे, सहज मिळेल असे कॉलेज सर्वांत वर टाकतात. ते पहिल्याच फेरीत मिळते आणि आकुर्डीची मिळू शकणारी जागा हातची जाते. वास्तविक वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजवरचा हक्क कमी होत नाही. वाटप गुणवत्ताक्रमानेच होते. मात्र जिथे राहण्याचा खर्च झेपणार नाही असे कॉलेज केवळ नावासाठी वर टाकणेही तितकेच धोक्याचे. मिळाले तर जावे लागेल.

रोज जाऊन-येऊन जमेल का?

पवनानगरहून कामशेत, तिथून लोकल. तळेगावची कॉलेजे या रस्त्याने जवळ पडतात. लोणावळ्याजवळच्या कुसगावला जायचे तर दुधिवरे खिंडीचा रस्ता आहे, पण भर पावसात आणि धुक्यात त्यावर रोजचा भरवसा ठेवता येत नाही. आकुर्डी, निगडीची कॉलेजे लोकलच्या टप्प्यात आहेत. शिवाजीनगरचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठही स्टेशनजवळच, पण येण्याजाण्यात चार तास सहज मोडतात. धनकवडीच्या पीआयसीटीला तर पुण्यात उतरून पुन्हा शहर ओलांडावे लागते.

प्रोग्रॅमिंग वर्गात ऐकून येत नाही. संध्याकाळी स्वतः बसून कोड लिहावा, चुकावा, दुरुस्त करावा लागतो. ज्याची संध्याकाळ फलाटावर जाते त्याला हा सराव मिळत नाही. त्यामुळे सीओईपी किंवा पीआयसीटी मिळत असेल तर वसतिगृहाची सोय करूनच जावे. तिथले शिक्षण आणि सोबतची मुले यांसाठी तो खर्च योग्य ठरतो. पण मध्यम दर्जाच्या कॉलेजसाठी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला खोली घेण्यात अर्थ नाही. तेवढ्याच दर्जाचे कॉलेज लोकलच्या रस्त्यावर सापडते.

शाखेच्या नावात किती अर्थ?

कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स… यांचा बराच अभ्यासक्रम सारखा असतो. शाखेचे नाव आकर्षक आहे म्हणून कमकुवत कॉलेज निवडू नये. ‘एआयसीटीई’ने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढली. जागा एका मंजुरीने वाढतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. निकष २० विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा आहे. वर्षाला १८० जागा म्हणजे चार वर्षांचे ७२० विद्यार्थी आणि ३६ शिक्षक. संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी मोजायला पाच मिनिटे लागतात.

‘नॅक’ हे संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन, तर ‘एनबीए’चे मानांकन शाखेला मिळते आणि त्याला मुदत असते. नव्या शाखेच्या तुकड्या बाहेर पडल्याशिवाय ते मिळत नाही. त्यामुळे फलकावर ‘एनबीए मानांकित’ दिसले तर विचारावे : कोणती शाखा, कधीपर्यंत?

पॅकेजच्या आकड्यांचे काय?

फ्लेक्सवरचा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो. ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपली आकडेवारी संकेतस्थळावर ठेवतात. त्यात किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक वेतन किती, हे दिसते. निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळाले, तो हा आकडा. तो सर्व शाखांचा एकत्रित असतो, एवढे लक्षात ठेवावे. फ्लेक्सपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक.

मुलींना सगळे मोफत आहे का?

नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ होते, तेही कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्था स्तरावरच्या जागेला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस, प्रवास यांचा खर्च घरचाच. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे; तिची माहिती गावात फारशी कुणी देत नाही. शिक्षण शुल्क माफीच्या ‘टीएफडब्ल्यूएस’ जागांचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो. तो यादीत स्वतंत्र भरला नाही, तर त्या जागेसाठी विचारच होत नाही.

पर्सेंटाइल कमी आले तर?

संस्था स्तरावर लाखो रुपये भरण्याआधी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा विचार करावा. जवळ राहून शिकता येते, खर्च कमी आणि पुढे एमएस्सी किंवा एमसीएचा रस्ता मोकळा. बीसीएसाठी मात्र २०२४ पासून वेगळी सीईटी आहे. तिचा अर्ज निकालाआधीच भरावा लागतो. आणि घरात धाकटे भावंड दहावीत असेल, तर पॉलिटेक्निकची माहिती आताच घ्यावी. तिथला प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पदविकेनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, तेही एमएचटी-सीईटी न देता.